ग्रुपला ‘अवतार’ आवडला, मला नाही, आणि माझे गूढपट बघताना ते फोन काढतात

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलंय. ओळख बाजूला ठेवून थोडक्यात सांगते. कॉलेजपासूनचा सहा जणांचा ग्रुप, मोठा सिनेमा आला की एकत्र बघायचा हे ठरलेलं. ‘अवतार’चा नवा भाग सगळ्यांनी थ्रीडीत बघितला. तिकिटं उशिरा काढली त्यामुळे पुढच्या रांगेत अगदी कोपऱ्यात बसावं लागलं, नंबरच्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा, इंटरव्हलपर्यंत डोकं ठणकायला लागलं होतं. बाहेर पडल्यावर बाकीचे म्हणत होते डोळ्यांचं पारणं फिटलं. एक जुना मित्र म्हणाला की एका प्रसंगात त्याला रडू आवरेना. त्यावर आमच्या वाचक म्हणाल्या, “कॉम्प्युटरवर काढलेल्या निळ्या बाहुल्यांसाठी काय रडायचं, गोष्ट तर तीच ती.” सगळे गप्प. तेव्हापासून तो मित्र त्यांच्या मेसेजला नुसता अंगठा पाठवतो.

याआधी त्यांनी आपल्या घरी ग्रुपला 1963चा ‘द हाँटिंग’ दाखवला होता. ‘द शायनिंग’ आणि ‘महल’सोबत हा त्यांचा जीव की प्राण. अर्ध्या तासात फोन निघाले, एकीने विचारलं “भूत येणार कधी?” आणि कोणीतरी उठून दिवा लावला. ते दुखणं अजून गेलेलं नाही. त्यांचे प्रश्न असे: माझी आवडच विचित्र आहे का? ग्रुप टिकवायचा तर “मस्त होता” म्हणून मोकळं व्हावं का, की गप्प बसावं? की यांच्याबरोबर सिनेमे बघणंच बंद करावं? आणि माझे सिनेमे यांना कधी आवडतील का?

---

प्रिय मैत्रीण,

“मस्त होता” असं खोटं म्हणायचं नाही, हे आधी सांगून टाकते. वीस-वीस वर्षांच्या मैत्रीत असं खोटं लगेच कळतं आणि मग पुढच्या वेळी तुम्ही मनापासून मस्त म्हणालात तरी कोणी विश्वास ठेवत नाही. पण तुम्ही समोर तीनच रस्ते ठेवलेत, खोटं बोला, तोंडात मूग गिळून बसा किंवा जाऊच नका, आणि या तिन्हीच्या मागे एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात. ती म्हणजे तिकडे दिखाऊ सिनेमे आणि दिपून जाणारी माणसं, आणि इकडे खोल सिनेमे आणि तुम्ही. मला हे पटत नाही. तुमच्याच आवडत्या सिनेमांच्या आधाराने सांगते का ते.

‘द हाँटिंग’चा दिग्दर्शक रॉबर्ट वाइज. 1961चा ‘वेस्ट साइड स्टोरी’ (जेरोम रॉबिन्ससोबत) आणि 1965चा ‘द साउंड ऑफ म्युझिक’, म्हणजे रंग, गाणी, नाच, डोंगर, सगळा भव्य मामला, हे त्याचेच सिनेमे, आणि या दोघांच्या बरोबर मध्ये त्याने तुमचा हा काळा-पांढरा, एकही भूत न दाखवणारा सिनेमा केला. त्याला ते दोन वेगळे धर्म वाटले नाहीत. उलट ‘द हाँटिंग’मध्ये त्याने डोळ्यांशी केवढा खेळ केलाय बघा, पॅनाव्हिजन कंपनीकडून एक 30 मिलिमीटरची वाइड लेन्स हट्टाने मागून घेतली जी अजून नीट तयारही झालेली नव्हती, तिच्यातून कडा वाकड्या दिसायच्या, कंपनी द्यायला तयार नव्हती आणि शेवटी दोष माहीत आहे असं त्याच्याकडून लिहून घेऊन मग दिली. त्याला तो दोषच हवा होता. तुम्हाला त्या घराच्या भिंती सरळ नाहीत असं जे सतत वाटत राहतं ना, त्यात या काचेचा मोठा वाटा आहे.

‘द शायनिंग’चंही तेच. लहान मुलगा तीनचाकी सायकलवरून हॉटेलच्या रिकाम्या मजल्यावर फिरतो तो प्रसंग आठवा. कॅमेरा त्याच्या मागे जमिनीलगत, अगदी त्याच्या उंचीवर, तेव्हा नवीनच असलेला स्टेडिकॅम, म्हणजे चालताना कॅमेरा हिंदकळू न देणारं उपकरण, वापरून, आणि तो चालवणारा गॅरेट ब्राउन म्हणजे ज्याने तो शोधला तो माणूस. लाकडी जमिनीवरून चाकं जाताना घडघडघड असा मोठा आवाज, मग गालिचा आला की एकदम शांत, पुन्हा लाकूड, पुन्हा घडघड, पुन्हा गालिचा. बाकी काही घडत नाही. पण आवाज बंद झाला की आपण श्वास धरतो, परत आला की सोडतो, आणि पुढच्या वळणापर्यंत आपला जीव टांगणीला लागलेला असतो. हे गोष्टीमुळे होत नाही हो, गोष्ट तेव्हा थांबलेलीच असते. कॅमेरा, जमीन आणि आवाज एवढ्यावर ते होतं. म्हणजे तुम्हीसुद्धा व्हिज्युअल्सच्याच प्रेमात आहात, फक्त तुमच्या सिनेमात ती कमी दाखवून काम करतात आणि ‘अवतार’मध्ये जास्त दाखवून.

आणि ही दोन टोकं एकाच सिनेमात नांदू शकतात. 1975चा ‘जॉज’ म्हणजे उन्हाळ्यातल्या ब्लॉकबस्टरची सुरुवात ज्याच्यापासून मानतात तो सिनेमा, आणि त्यात शार्क निम्मा सिनेमा होईपर्यंत धड दिसत नाही, कारण यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, मग स्पीलबर्गने पाण्याच्या पातळीवरचा कॅमेरा, पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं आणि जॉन विल्यम्सचं ते दोन सुरांचं संगीत यांच्यावर भीती पेलली. बॉक्स ऑफिसवर तेव्हाचे सगळे रेकॉर्ड मोडले, आणि लोक समुद्रात पाय टाकायला घाबरायला लागले ते न दिसलेल्या शार्कमुळे.

आता ‘अवतार’बद्दल. तुमची तक्रार चुकीची नाही. गोष्ट साधी आहे, पुढे काय होणार ते आधीच कळतं, मलाही तसंच वाटतं आणि आपण दोघी एकट्या नाही. 2009च्या पहिल्या भागाला ऑस्करची नऊ नामांकनं होती, त्यात पटकथेचं एकही नव्हतं, बक्षिसं मिळाली ती कलादिग्दर्शन, छायाचित्रण आणि व्हिज्युअल इफेक्ट्सला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं गेलं ‘द हर्ट लॉकर’ला. म्हणजे सिनेमा कशात भारी आहे आणि कशात नाही याबद्दल पहिल्यापासून बऱ्यापैकी एकमत आहे. पण “गोष्ट पातळ आहे” इथून “म्हणून आवडणारे वरवरचे आहेत” इथे तुम्ही जी उडी मारलीत तिथे घोडं अडलंय. काही माणसं सिनेमात गोष्ट ऐकायला जातात, काही एखाद्या ठिकाणी राहून यायला जातात, पँडोरावर, म्हणजे ‘अवतार’मधल्या त्या जगात, तीन तास राहून आलेल्या माणसाला कथेत नवीन काय होतं असं विचारलं तर तो गोंधळणारच. तुम्ही ‘महल’ कशासाठी परत परत बघता? त्या गोष्टीतला उलगडा तर तुम्हाला पाठ आहे. तुम्ही त्या घरात परत जायला बघता, तो झोका, त्या सावल्या, आणि ते लांबून जवळ येणारं गाणं. (लताबाईंनी सांगितलेलं आहे की ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीच्या ओळी गाताना त्यांना माइकपासून लांब उभं करून गात गात जवळ यायला सांगितलं होतं. 1949 सालचं स्पेशल इफेक्ट म्हणा की हे, आणि अजून अंगावर काटा येतो.)

एक शरीराची बाजूही आहे जी तुम्ही पत्रात सहज लिहून पुढे गेलात, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. डोकं दुखत असलेल्या माणसाला कुठलाच सिनेमा आवडत नाही. थ्रीडीत आपले दोन्ही डोळे पडद्याच्या पुढे किंवा मागे असल्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूवर वळतात पण फोकस मात्र पडद्यावरच धरून ठेवावा लागतो, नेहमीच्या बघण्यात हे दोन्ही बरोबर चालतं, इथे चालत नाही, आणि काहींना तीन तासांत त्याचा चांगलाच ताण येतो. त्यात पुढची कोपऱ्यातली सीट म्हणजे चित्र तिरकं आणि वाकडं दिसणार, चित्राची खोली, म्हणजे जवळ-लांबचा भास, बिघडणार. चष्म्यामुळे पडदा अंधारा होतो ते वेगळंच. भर म्हणून 2022च्या भागात काही प्रसंग नेहमीच्या सेकंदाला 24 ऐवजी 48 चित्रांनी दाखवले गेले, आणि ज्यांचे डोळे जुन्या सिनेमाच्या गतीला सरावलेत अशा बऱ्याच जणांना ते व्हिडिओ गेमसारखं गुळगुळीत वाटलं. तुम्ही सगळं आयुष्य जुने सिनेमे बघितलेत, तुम्हाला खटकणारच! म्हणजे तुमच्या मित्राने जो सिनेमा बघितला तो तुम्ही बघितलाच नाहीत असंही असू शकतं. काही लोकांना तर दोन डोळ्यांनी मिळून खोली दिसण्यातच अडचण असते, लहानपणी एखादा डोळा आळशी राहिलेला असतो आणि मोठेपणीही त्याचा पत्ता नसतो, त्यांना थ्रीडी म्हणजे नुसता त्रास.

आता तो मित्र. पत्रात तुम्ही त्याच्याबद्दल दोनच ओळी लिहिल्यात आणि आवडीनिवडीबद्दल दोन पानं, पण मला वाटतं खरा प्रश्न त्या दोन ओळींत आहे. तो तुमच्यावर रागावला ते तुम्हाला सिनेमा आवडला नाही म्हणून नाही. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की मी रडलो, पुरुष माणसं असं सहजासहजी सांगत नाहीत, आणि तुम्ही त्याच्या रडण्याला उत्तर दिलंत, सिनेमाला नाही. फरक लक्षात येतोय का? “मला नाही भिडला बाई” हे सिनेमाबद्दलचं मत झालं. “त्यासाठी काय रडायचं” हा त्या माणसावरचा निकाल झाला.

आणि ते “कॉम्प्युटरवर काढलेल्या बाहुल्या” हे जरा तपासून बघा. त्या निळ्या चेहऱ्यांमागे नट असतात, डोक्याला लावलेल्या पट्टीवरचा छोटा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याची प्रत्येक हालचाल टिपत असतो आणि नंतर ती त्या पात्राच्या चेहऱ्यावर चढवतात. दुसऱ्या भागातले पाण्याखालचे प्रसंग मोठ्या टाकीत खरोखर पाण्याखाली केलेत, तेही पाठीवर हवेचा सिलिंडर न घेता, कारण बुडबुड्यांमुळे कॅमेऱ्यांचा गोंधळ उडतो. केट विन्स्लेटने त्यासाठी श्वास धरायची तालीम केली आणि सात मिनिटांच्या वर धरला. वरून येणारा उजेड पाण्यात खेळू नये म्हणून टाकीच्या पृष्ठभागावर छोटे पांढरे गोळे पसरून ठेवले होते, नट वर यायचे ते त्या गोळ्यांतून डोकं काढत. एवढं करून जो चेहरा पडद्यावर आला त्यात तुमच्या मित्राला काही दिसलं, तर ते कुणीतरी खरंच केलेलं होतं. आणि खरंखोटंच बघायचं तर ‘द शायनिंग’मधलं हॉटेल आतून बहुतेक सगळा स्टुडिओतला सेट आहे, तरी आपण घाबरतोच की.

तर त्याला फोन करा. मेसेज नको, मेसेजला परत अंगठा येईल. लांबण लावू नका, माफीचं भाषण नको. “त्या दिवशी मी तुझ्या रडण्यावर बोलले ते चुकलं, मला सिनेमा नाही आवडला हे खरंय पण तुला कुठला प्रसंग लागला ते मला ऐकायचंय” एवढंच, आणि मग खरोखर ऐका. मध्ये “पण” घालू नका. तो प्रसंग बहुतेक आईबाप-मुलांचा किंवा कोणाच्या जाण्याचा असेल आणि त्यामागे त्याच्या आयुष्यातलं काहीतरी असेल, आणि कदाचित सिनेमा राहील बाजूला आणि तुम्ही दुसऱ्याच गोष्टीवर बोलाल. झालं तर झालं.

आवड विचित्र आहे का या प्रश्नावर फार वेळ घालवत नाही. नाही. ‘द शायनिंग’ आला तेव्हा प्रतिक्रिया इतक्या संमिश्र होत्या की त्या वर्षीच्या सिनेमांपासून सुरू झालेल्या रॅझी पुरस्कारांत, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट कामाची ‘बक्षिसं’, त्याच्या दिग्दर्शकाचं, स्टॅन्ली कुब्रिकचं, सगळ्यात वाईट दिग्दर्शक म्हणून नामांकन होतं. पहिल्या आठवड्यातल्या लोकांच्या मतावर कोणी आपली आवड ठरवू नये, ना तुम्ही ना तुमच्या मित्रांनी. इतर वाचकांनाही सांगते, थिएटरमधून बाहेर पडता पडता निकाल द्यायची घाई करू नका, विशेषतः ज्यांनी कुठल्यातरी बाजूने होला हो करायची सवय लावून घेतलीय त्यांनी. “मला तो पाण्यातला पहिला प्रसंग आवडला, शेवटची लढाई लांबली” असं नेमकं बोललं की समोरच्याला त्याचं नेमकं काहीतरी सांगावंसं वाटतं. “बकवास” किंवा “मास्टरपीस” म्हटलं की भांडण तरी होतं किंवा गप्प बसणं होतं.

आता तुमचे सिनेमे त्यांना दाखवण्याबद्दल. यावर मला मनापासून बोलायचंय कारण गूढ सिनेमाचं सगळ्यात जास्त नुकसान तो चुकीच्या पद्धतीने दाखवल्याने होतं. ‘अवतार’ दिवा चालू असताना, कोणी बोलत असताना, फोन बघत बघतही अर्धामुर्धा पोचतो, तो तेवढा जोरात असतो. ‘द हाँटिंग’ पोचत नाही. त्यात भीती तयार व्हायला बघणाऱ्यानेच अर्धं काम करायचं असतं, आणि एकदा कोणी दिवा लावला की ते काम थांबतं, परत सुरू होत नाही. “भूत येणार कधी” हा प्रश्नही त्या मैत्रिणीचा मूर्खपणा म्हणून बघू नका. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की यात भूत दाखवणार नाहीत. आधी एक वाक्य टाकायचं, “यात काही दिसणार नाही, आवाजाकडे लक्ष द्या.” तुमच्या मनात कदाचित येईल की असं सांगितलं तर मजा जाते. नाही जात, लोक कान देऊन बसतात.

मग घरी करायचं काय तर: पूर्ण अंधार झाल्यावरच सुरू करायचं, संध्याकाळी नाही, काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या सावल्या खिडकीच्या उजेडात धुऊन जातात. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग, बंद करायचं, ते प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असतं, पण ते चालू असेल तर 1963चा सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसतो. सिनेमा जसा बनवला तसाच दाखवणारा फिल्ममेकर मोड असेल तर सरळ तो लावा. आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा, कारण कुजबूज ऐकू आली नाही तर सगळंच गेलं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायची विनंती आधीच, सुरू झाल्यावर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका! आपला आवडता सिनेमा दाखवताना आपण हेच करतो, आता घाबरतील, आता बघ, आणि त्या नजरेचा समोरच्यावर इतका दबाव येतो की तो फोनच काढतो. त्यांच्या मागे बसा किंवा सगळ्यांच्या रांगेत, आणि स्वतः सिनेमा बघा.

सुरुवात ‘द हाँटिंग’ने करू नका, तो नंतर. हा ग्रुप डोळ्यांचं पारणं फिटलं म्हणणारा आहे तर त्यांना ‘तुंबाड’ द्या. राही अनिल बर्वेचा 2018चा सिनेमा, खऱ्या पावसासाठी कितीतरी पावसाळे थांबून केलेलं शूटिंग, ओल, शेवाळ, तो वाडा, डोळ्यांना भरपूर आहे आणि तरी पोटात गोळा येतो. आला तेव्हा थिएटरमध्ये फारसा चालला नाही, 2024ला पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला, म्हणजे प्रेक्षकाला वेळ लागतो याचा हाही पुरावाच. (रक्त आणि किळस आहे, मुलांना बरोबर बसवू नका.) त्यांना तो आवडला तर पुढच्या वेळी ‘द अदर्स’, 2001चा, निकोल किडमनचा. त्यातल्या मुलांना उजेड सोसत नाही म्हणून घरातलं एक दार बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, एवढ्या एका नियमावर दिग्दर्शक पावणेदोन तास खिळवून ठेवतो, आणि शेवट असा की नंतर सगळे एकदम बोलायला लागतात, जे ग्रुपसाठी फार चांगलं.

आणि मग 1942चा ‘कॅट पीपल’. तो 73 मिनिटांचाच आहे, कंटाळ्याची तक्रार करायला वेळच नाही. त्यात एक बाई रात्री रस्त्याने एकटी चाललीय, मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतोय, दिव्याखालून जाते, सावलीत जाते, पुन्हा दिवा, आणि मग मागचा तो आवाज एकदम बंद होतो. मागे कोणी नाही. ती चाल वाढवते, वळून बघते, भिंतीपलीकडे काहीतरी हललंय असं वाटतं, आणि अचानक फिस्स असा मोठा आवाज होतो आणि काळजाचा ठोका चुकतो. पुढे काय ते सांगत नाही, तुम्ही बघितला असेल तर हसला असाल. निर्माता व्हॅल ल्यूटनकडे पैसा नव्हता, स्टुडिओने आधी नाव दिलं आणि मग सिनेमा करा म्हणाले, त्याने अंधार आणि आवाज वापरले. तुमचा रॉबर्ट वाइज दिग्दर्शक झाला तोही याच ल्यूटनच्या हाताखाली. इथपर्यंत ग्रुप आला की ‘द हाँटिंग’ परत लावा, आता भूत कधी येणार असं कोणी विचारणार नाही.

हे सगळं होईपर्यंत त्यांच्यासोबत मोठे सिनेमे बघणं सोडू नका. टूडीचा शो असेल तिथे तो घेऊया असं सुचवा, थ्रीडीच हवं असेल तर रांगेच्या मध्यावरची, थिएटरच्या मागच्या अर्ध्यातली सीट, आणि तिकिटं काढायचं काम तुमच्याकडे घ्या म्हणजे कोपरा मिळणार नाही. तरीही डोकं दुखलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा, दोन डोळे बरोबर काम करतात का ते साध्या तपासणीत कळतं. एखादा सिनेमा खरंच नको वाटला तर “हा तुम्ही बघा, मी नंतर येऊन भेटते” असं म्हणा, सहापैकी एक जण नाही आला म्हणून ग्रुप मोडत नाही. पण तो फोन मात्र याच आठवड्यात करा, सिनेमाच्या पुढच्या प्लॅनची वाट बघू नका. आणि ‘तुंबाड’च्या रात्रीचं पहिलं आमंत्रणही त्यालाच द्या.